आतली शिवण

रविवार, ४ फेब्रुवारी

आज रागाच्या भरात एक गोष्ट बोलून बसले आहे. ते आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या सकाळी माझा शब्द मलाच फिरवता येणार नाही.

लेक आली होती. ती दर रविवारी येते. दुकान बंद असतं, तरी वर घरात न जाता खालीच ह्यांच्या कापायच्या टेबलापाशी बसते, मोठी कात्री उचलते आणि परत ठेवते. आज मी कापडाचा गठ्ठा घेऊन जिना चढत होते. मधल्या पायरीवर दम लागला म्हणून जरा टेकले, आणि तिने नेमकं ते पाहिलं. मग जे सुरू झालं ते तासभर चाललं. दुकान बंद कर, मशिनी विकून टाक, आमच्याकडे राहायला ये. खोली तयार आहे, खिडकी पूर्वेला आहे, जावयांनी तुझ्या पुस्तकांसाठी फळीसुद्धा ठोकून ठेवली आहे. फळीचं ऐकून क्षणभर मोह झाला, खोटं कशाला लिहू. पण त्या खोलीत मशीन मावत नाही हेही तिनेच सांगितलं. मशिनीशिवाय मी तिथे दिवसभर काय करणार? पाहुण्यासारखी चहाची वाट बघत बसणार.

मी म्हटलं, मला काहीही झालेलं नाही. ती म्हणाली, तुला जिना चढवत नाही. मी म्हटलं, जिन्याचं काय घेऊन बसलीस, आणि दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं.

"हे पळून दाखवते. मग तर गप्प बसशील?"

तो कागद तळ्याकाठी धावणाऱ्या मंडळींचा. शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई आमच्याकडे पँटी आखूड करायला येतात, त्यांनी लावायला दिला होता. मी स्वतः तो चिकटवला होता, पण वाचला नव्हता. कापडाच्या गठ्ठ्याला गुंडाळून आलेली जुनी वर्तमानपत्रं जोडून जोडून वाचायला शिकलेली मी. हाताला लागेल तो कागद वाचते, आणि नेमका हाच राहिला.

लेकीने वाचला. हिशेब तपासायची नोकरी करते ती, कागद तिच्या नजरेतून सुटत नाही.

"आई, हे दहा किलोमीटर आहे. जूनच्या पहिल्या रविवारी."

"मग?"

"मग काही नाही. ठरलं. शेवटी ठरल्या वेळेला भोंगा वाजतो आणि रस्ता गाड्यांना मोकळा करतात, असं इथे लिहिलंय. भोंग्याच्या आधी पोचलीस तर मी खोलीचं नाव काढणार नाही. नाही पोचलीस तर दुकानाला कुलूप लावून माझ्याबरोबर यायचं."

मी हो म्हटलं.

हे असते तर चष्म्यावरून बघत म्हणाले असते, माप न घेता कापड फाडलंस.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सकाळी तळ्यावर गेले. खेळाच्या बाईंना वाटलं, त्यांची पँट द्यायला आले. धावायला आले म्हटल्यावर त्या हसल्या नाहीत, याबद्दल त्यांची पुढची शिलाई मी मन लावून करीन. त्यांनी सांगितलं, दिव्याच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत धावायचं, मग दोन खांब चालायचं, मग पुन्हा एक खांब धावायचं. पहिल्याच खांबाला मला कळलं की काळीज छातीत नसतं, घशात असतं.

बाकीची मंडळी बघता बघता वळणापलीकडे गेली. एक उंच, सडपातळ गृहस्थ तेवढे माझ्या बाजूला राहिले. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. त्यांचा डावा गुडघा कामातून गेला आहे, त्यांना पळवत नाही. तुमच्या सोबतीने येऊ का, म्हणाले. मी म्हटलं, या की. शिड्या चढून चढून गुडघा झिजला असणार. कमरेला एक लहानशी पिशवी बांधलेली असते, तिच्यात पाणी, मलम, पट्ट्या. एवढं औषधपाणी घेऊन माणूस धावायला येतो म्हणजे तब्येत किती नाजूक असेल. मी मनातल्या मनात त्यांचं नाव गुडघेवाले ठेवलं.

घरी आल्यावर दार उघडून "आले हो" म्हणाले. आतून उत्तर यायचं नाही हे माहीत आहे. तोंडाला अजून माहीत नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

पाय मशिनीच्या पायट्यावर ठेवले तरी ओरडतात. आज गिऱ्हाइकाला बसा म्हणताना मीच आधी बसले.

गुडघेवाले फार बोलतात. एकटे राहत असणार. धावता धावता पूर्ण गोष्ट सांगतात, एका दमात, मध्ये कुठे थांबत नाहीत आणि मला प्रश्न विचारतात. काज हाताने करता की मशिनीवर? मखमल का घसरते? धावताना मखमलीबद्दल काय बोलणार, पण चुकीची समजूत राहू द्यायला मला आवडत नाही, म्हणून तुटक तुटक का होईना उत्तर देतेच. खेळाच्या बाई म्हणाल्या, बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं, हे बरं चाललंय तुमचं. श्रेय गुडघेवाल्यांच्या बडबडीला, पण त्यांना ते सांगितलं नाही. चढून बसतील.

मंगळवार, ५ मार्च

गुडघेवाल्यांची लेस सारखी सुटते. मला नेमका दम लागलेला असतो आणि ते, "एक मिनिट हं, मास्तरीणबाई," म्हणून वाकतात. आमच्या ह्यांना, शिंपी म्हणून, सगळं गाव मास्तर म्हणायचं, म्हणून मी मास्तरीणबाई. एवढा मोठा माणूस, आगीतून लोकांना बाहेर काढलेला, आणि बुटाची लेस नीट बांधता येत नाही.

मला अशी ढिली गाठ बघवत नाही. काल दुकानात बसून जाड दोऱ्याचे पदर विणले, मेण लावून ओढून घेतले, टोकांना कापडाच्या टोप्या शिवल्या आणि आज लेशीचा जोड त्यांच्या हातात ठेवला. म्हटलं, ही आता तुमच्या जन्मात सुटणार नाही. ते बराच वेळ लेशीकडे बघत राहिले. भरून आलं असावं. असं कोणी काही करून देत नसेल.

शुक्रवार, ८ मार्च

लेस काल सुटली नाही. पण गुडघेवाल्यांच्या बुटात खडा गेला. मग थोड्या वेळाने दुसऱ्या बुटात गेला. तळ्याकाठचा रस्ता डांबरी आहे, खडे कुठून येतात कोण जाणे.

शुक्रवार, २२ मार्च

आता चार खांब धावते आणि एक चालते. जिना एका दमात चढले, गठ्ठा घेऊन. वर पोचल्यावर मागे वळून पाहिलं, कोणी बघत होतं का. कोणी नव्हतं. फुकट गेलं.

गुडघेवाल्यांचा आज उजवा गुडघा दुखत होता. मी म्हटलं, डावा ना? ते म्हणाले, हो, डावाही. वाचनालयातून सांध्यांच्या विकारांवरचं पुस्तक आणलं आहे. त्यात लिहिलंय की एका पायाला जपताना भार दुसऱ्यावर पडतो. तसंच असणार. त्यांना ते प्रकरण वाचून दाखवायला हवं.

संध्याकाळी ते पुस्तक मोठ्याने वाचलं. मला मनात वाचायची सवयच नाही. ह्यांना अक्षरांचा कंटाळा, पण ऐकायला आवडायचं. ते हाताने तुरपाई करायचे आणि मी वाचायची. अख्ख्या कादंबऱ्या अशा कोटांच्या अस्तरांत शिवल्या गेल्या आहेत. अजूनही मी टेबलाकडे तोंड करूनच वाचते.

रविवार, १४ एप्रिल

हा आठवडा वाईट गेला. पोटरी धरली, मग सर्दी झाली, मग नुसता कंटाळा आला. तळ्यावर गेले नाही. जमणार नाही हे मला आतून कळून चुकलं आहे असं वाटत होतं. मग म्हटलं, निदान खोली तरी बघून येऊ.

म्हणून आज मीच लेकीकडे गेले. खोली चांगली आहे. भिंती पांढऱ्या, पलंगाशी दिवा, फळी अगदी हाताशी येईल अशा उंचीवर. जावई मुद्दाम विचारत होते, उंची बरोबर आहे ना. गुणी माणूस आहे. मी पलंगावर बसून पाहिलं. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. बसल्या बसल्या मी त्या घरांतल्या पडद्यांच्या दुमडी मोजायला लागले. एक पडदा खाली तिरका शिवलेला आहे. तो मला रोज दिसणार.

लेक दारात उभी होती. मी विचारलं, तुला एवढी घाई का गं मला इथे आणायची? मी काय आजारी आहे?

तिने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "बाबासुद्धा आधी जिन्यावरच बसायला लागले होते. त्याच पायरीवर. तू मला सांगितलं नव्हतंस, आणि मी विचारलं नव्हतं."

 मी उठून पलंगावरची चादर ओढून सरळ केली. ती सरळच होती.

येताना तळ्यावरून आले. चपला घातलेल्या होत्या, तरी चार खांब धावले. लोक बघत होते. बघेनात.

मंगळवार, १६ एप्रिल

परत सुरू केलं. गुडघेवाल्यांनी विचारलं, कुठे होतात? मी नव्हते तर त्यांनीही पूर्ण आठवडा धावायचं सोडलं असणार, चेहऱ्यावरून दिसतच होतं. काही माणसांना कोणीतरी ओढून न्यावं लागतं. मी त्यांना बजावलं की जूनपर्यंत आता एकही खाडा नाही, गुडघा असो वा नसो. ते म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

रविवार, १९ मे

आज आठ किलोमीटर. न थांबता. एकदा खड्यासाठी थांबलो, पण तो माझ्या बुटातला नव्हता.

एक गंमत झाली. मी आज उजाडताच पोचले होते, कोणी आलेलं नव्हतं. तळ्याच्या पलीकडच्या काठाने एक माणूस धावत होता. धावत कसला, वाऱ्यावर कापड सुटावं तसा चालला होता. उंची तीच, शर्ट तोच, मान जराशी डावीकडे टाकायची लकब तीच. वळणामागे गेला. थोड्या वेळाने गुडघेवाले इकडच्या बाजूने चालत आले. कपाळ ओलं होतं, म्हणाले तोंड धुतलं. मी विचारलं, तुमचा भाऊ आहे का हो धावणारा? ते जरा थांबून म्हणाले, हो, आहे एक धाकटा. मी म्हटलं, त्याच्याकडून शिका काहीतरी. खेळाच्या बाईंना तेवढ्यात ठसका लागला.

रविवार, २६ मे

खेळाच्या बाईंनी सगळ्यांना बसवून सूचना दिल्या. आदल्या रात्री भरपूर झोपायचं. सुरुवातीला जोर करायचा नाही. आणि शर्यतीच्या दिवशी अंगावर नवीन काही घालायचं नाही, जे घालून सराव केला तेच घालायचं. बरोबर आहे, नवीन बूट चावतात.

गुरुवार, ३० मे

मंडळाने सगळ्यांना शर्ट दिला आहे. माझी सरावाची पँट गुडघ्यात फुगलेली, ढगळ. शिंप्याच्या घरातल्या बाईने अख्ख्या गावासमोर अशी पँट घालून धावायचं? दुकानाचं नाव आहे. म्हणून नवी शिवली. बाईंनी नवीन घालू नका म्हटलंय ते दुकानातून आणलेल्या वस्तूंबद्दल. स्वतःच्या मापाने, स्वतःच्या हाताने शिवलेल्या कपड्याला नवा कोण म्हणेल?

कापड ह्यांचं वापरलं. गडद निळं, चांगलं जाड, मजबूत विणीचं. त्यांनी स्वतःच्या पँटीसाठी आणून ठेवलं होतं, उलट्या बाजूने खडूने आखूनही ठेवलं होतं. मग दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि कापड घडी करून राहिलं. आज ते टेबलावर पसरलं. माझं माप त्यांच्यापेक्षा लहान, त्यामुळे कडेच्या रेघा कात्रीत गेल्या. पण पायाची मधली उभी रेघ आणि गुडघ्याची आडवी खूण राहिली. त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याच्या बराच खाली येतो. शिवून झाल्यावर खडू ब्रशने झटकायचा असतो. नाही झटकला. आतल्या बाजूला आहे, कोणाला दिसणार.

शिवण सगळीकडे दुहेरी, दुमडून आत दाबलेली. बाहेरून एक टीप दिसत नाही. दोन्ही बाजूंना खिसेसुद्धा केले.

रविवार, २ जून

पाय पाण्यात ठेवून लिहिते आहे. सगळं क्रमाने लिहायचं आहे.

सकाळी चौकात हीऽऽ गर्दी. लेक आणि जावई आले होते. लेकीने माझ्या पँटीची शिवण बोटाने तपासली आणि "छान झालीय" म्हणाली. तिच्या वडिलांसारखंच तीही आधी कड उलटून बघते. उलटल्यावर तिला खडू दिसला. तिने कड सोडून दिली आणि चौकातल्या घड्याळाकडे बघत राहिली.

सुरुवात झाली तशी सगळे पुढे गेले आणि मी आणि गुडघेवाले आमच्या नेहमीच्या जागी, मागे. मला छान वाटत होतं. श्वास जागेवर, पाय हलके. गुडघेवाल्यांना मी कोटाच्या कॉलरबद्दल सांगत होते, सलग, न थांबता. तळं गेलं, गोदामं गेली, पूल आला.

पुलावर मांड्यांच्या आतून जरासं चुरचुरलं. पूल उतरेपर्यंत चुरचुरायचं थांबलं आणि जळायला लागलं. माझी ती दुहेरी, दुमडून दाबलेली, जन्मात न उसवणारी शिवण. प्रत्येक पावलाला ती कानशीसारखी घासत होती. जाड कापड, घाम, आणि चार पदरांची ती कड. मी शिवलेल्या कपड्याबद्दल आजवर एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही, आणि पहिली तक्रार माझी मलाच करावी लागली.

मी बोलायची थांबले. गुडघेवाले लगेच म्हणाले, बुटात खडा गेला. मी म्हटलं, खडा राहू द्या, माझी मांडी सोलली आहे. अशा गोष्टी परक्या माणसाला सांगायच्या नसतात, पण त्या वेळी तो विचार आला नाही. त्यांनी पिशवीतून मलमाची डबी काढली.

पाण्याच्या टेबलामागे कापडी आडोसा होता. आत गेले, पाहिलं. सालटं निघाली होती. मलमाने थोडा वेळ भागेल, पण शिवण तिथेच राहणार. कात्री नाही, उसवायला काही नाही. बाहेरून गाड्यांचे आवाज येत होते, चौकाकडचा रस्ता अडवलेला, त्यामागे रांग लागली असणार. भोंगा वाजायला फार वेळ उरला नव्हता. मी एका खोक्यावर बसले. पूर्वेची खिडकी आठवली. तो तिरका पडदा आठवला.

मग म्हटलं, कपड्याला दोन बाजू असतात.

पँट काढली, उलटी केली आणि घातली. आतून आता सुळसुळीत, सपाट. बाहेरून सगळा संसार उघडा. शिवणी, दोऱ्याच्या गाठी, दोन्ही बाजूंना सशाच्या कानांसारख्या लोंबणाऱ्या खिशांच्या पिशव्या. आणि पुढून, दोन्ही पायांवर, ह्यांच्या खडूच्या रेघा. पांढऱ्या, सरळ. पट्टी न लावता अशी रेघ त्यांनाच ओढता यायची.

आडोशातून बाहेर यायला मला खरंच धीर करावा लागला. शिंप्याने उलटा कपडा घालून रस्त्यावर जाणं म्हणजे काय, हे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. पण हे नेहमी म्हणायचे, उलटी बाजू कोणी बघत नाही म्हणून तर ती नीट करायची. तर बघा म्हटलं. एक धागा लोंबत असेल तर दाखवा.

पाणी देणारी मुलगी म्हणाली, "आजी, पँट उलटी घातलीय तुम्ही."

"माहितीय. मीच शिवलीय."

गुडघेवाले हसले नाहीत. त्यांनी रेघांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, आणि म्हणाले, "चला, मास्तरीणबाई. आता बोलायचं नाही. माझ्या पावलांकडे बघत यायचं."

मग ते जे निघाले ते मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. गुडघा त्या वेळी बरा झाला असावा, चुरस लागली की दुखणं विसरतं माणूस. मी त्यांच्या टाचांकडे, माझ्याच हातच्या लेशींकडे बघत धावत होते. अधूनमधून नजर खाली गेली की ह्यांची गुडघ्याची खूण वरखाली होताना दिसायची, माझ्या गुडघ्याच्या खाली, जिथे त्यांचा असता. वर्षभर मी एकटी चालते आहे असं मला वाटत होतं. आज सोबत दोन माणसं होती. ह्या रेघांत एक. पुढे एक.

शेवटच्या वळणावर मागून पावाची गाडी हॉर्न वाजवत आली, पोलीस तिला थांबवत होता. गुडघेवाले अचानक हळू झाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझ्यापायी शेवटचा नंबर नका घेऊ. ते म्हणाले, "गुडघा आज जरा जास्तच दुखतोय हो. तुम्ही व्हा पुढे." मला फार वाईट वाटलं, पण थांबायची सोय नव्हती. मी पुढे झाले.

कमानीशी एक जाडजूड माणूस भोंगा हातात घेऊन, घड्याळाकडे बघत उभा होता. त्याने मान वर केली, माझ्या मागे बघितलं, आणि कोणाला तरी सलाम ठोकला. जुन्या नोकरीतली ओळख असणार. मी कमानीखालून गेले. मग गुडघेवाले आले. मग भोंगा वाजला.

मी लेकीला म्हटलं, भोंग्याच्या आधी. ऐकलंस ना?

तिने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग शर्टाची बाही ओढून घड्याळ झाकलं आणि म्हणाली, "ऐकलं. आधीच."

तिचे डोळे लाल झाले होते. धूळ गेली म्हणाली. रस्ता पहाटेच धुतलेला होता, पण असेल.

बिचारे गुडघेवाले शेवटून पहिले आले.

सोमवार, ३ जून

पँट सकाळी धुतली. गुडघ्याजवळची एक रेघ घामातूनही वाचली होती, ती बघत थोडा वेळ मोरीशी उभी राहिले. मग साबण लावला. अंगात घातलेला कपडा धुवायचाच असतो. उन्हात घातली, उलटी करूनच. रंग उडत नाही.

रविवार, ९ जून

लेक आली, पण आज कात्रीशी खेळत बसली नाही. पिशवी घेऊन आली होती. तिच्या ऑफिसच्या दोन पँटी, जावयांचा एक शर्ट आणि खोलीच्या खिडकीचा पडदा. पडदा खालून तिरका होता. समोरच्यांचे पडदे बघण्याच्या नादात त्या खोलीच्या स्वतःच्या पडद्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी म्हटलं, शुक्रवारी मिळेल, आधीची कामं आहेत. ती म्हणाली, गिऱ्हाइकाशी असंच बोलतेस का?

चहाला वर गेलो. मी पुढे होते, बोलत होते, वर पोचले तरी बोलत होते. मागे बघते तर लेक मधल्या पायरीवर, कठड्याला धरून, धापा टाकत उभी. दिवसभर खुर्चीत बसून कागद तपासायचे, दुसरं काय होणार. मी काही टोचून बोलले नाही. मंगळवारी तळ्यावर पहाटे जमतात एवढं सांगितलं.

मंगळवार, ११ जून

लेक आली. जावयांचे बूट घालून आली, पुढे कापूस कोंबून. तिला आधी स्वतःचे बूट घ्यायला सांगितले.

खेळाच्या बाई म्हणाल्या, मावशी, तुम्ही आज लेकीबरोबर राहा. मी म्हटलं, आणि गुडघेवाले? त्यांचं कसं होणार? बाई म्हणाल्या, त्यांचा गुडघा बरा झालाय.

आणि खरंच, गुडघेवाले नमस्कार करून निघाले ते वाऱ्यावर कापड सुटावं तसे. मान जराशी डावीकडे टाकून, अगदी त्यांच्या धाकट्या भावासारखे. वळणामागे जाईपर्यंत मी बघत उभी राहिले. लेक म्हणाली, आई, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, चल.

पहिल्या खांबापर्यंत ती नीट आली. मी तिला विचारत होते, काल ऑफिसात काय झालं, साहेब काय म्हणाले. दुसऱ्या खांबाला तिची उत्तरं तुटायला लागली. तिसऱ्याच्या आधी चेहरा लाल झाला. थांबूया असं ती काही म्हणायची नाही. माझीच लेक आहे.

"एक मिनिट हं," मी म्हटलं आणि खाली वाकले.

लेस घट्टच होती. शर्यतीनंतर मी माझ्या बुटांनाही मेणाच्या दोऱ्याची लेस घातली आहे, ती सहज सुटत नाही. नखाने ओढून ओढून मी ती सोडवली, आणि मग सावकाश पुन्हा बांधली.